चौथा फेर

घोडीवरचा चर चार शतांश मिलिमीटर खोल होता. तहसीननं भिंगातून तीनदा मोजला. तिन्ही वेळा आकडा तोच आला.

घोडी म्हणजे उंटाच्या हाडाची, दोन बोटं रुंद पट्टी. सतारीच्या तारा तिच्यावरून जातात आणि तिचा पृष्ठभाग कसा उतरतो यावर तारेचा झंकार ठरतो. हा उतार कानशीनं थोडा थोडा घासून आणावा लागतो. त्याला जवारी काढणं म्हणतात. या घोडीचा बाकी सगळा भाग नखासारखा गुळगुळीत होता. चर फक्त मुख्य तारेच्या खाली होता आणि त्याच्या कडा स्वच्छ होत्या. हात थरथरला असता तर कडा तुटक आल्या असत्या. हा फेर नीट, ठाम हातानं मारलेला होता.

"मी मारला न्हाई," बाबालाल शिकलगार म्हणाले.

"अब्बा, कानस तुमच्याच हातात होती."

"हातात होती. मी कुठं न्हाई म्हणतोय? तीन फेर मारले. कानस खाली ठेवायला हात वळवला. हात वळला बी. आणि परत येऊन चौथा मारला."

"हात परत आला म्हणजे तुम्हीच आणला ना?"

"तसू, मला काय चळ लागलाय?"

मिरजेतल्या सतारीच्या गल्लीत हे दुकान चार पिढ्यांचं होतं आणि जवारीचा नियमही तितकाच जुना होता. तीन फेर मारायचे, कानस खाली ठेवायची, तार छेडायची, ऐकायचं. कानाला विचारल्याशिवाय चौथा फेर नाही. बाबालालनी वयाच्या बाराव्या वर्षापासून एकाहत्तराव्या वर्षापर्यंत हा नियम मोडला नव्हता. मध्ये दोन वर्षं खंड पडला तो मेंदूतल्या रक्तस्रावानं उजवा हात लुळा पडला तेव्हा. नंतर तो हात परत आला. तो परत आणणाऱ्या यंत्रणेतला एक महत्त्वाचा भाग तहसीननं लिहिला होता.

म्हणूनच मंगळवारी संध्याकाळी फोनवर अब्बा "जवारी बिघडली" म्हणाले तेव्हा ती आधी हसली होती. मग चौथ्या फेराचं ऐकल्यावर तिनं विचारलं, किती वाजता? अकरा वाजून सात मिनिटांनी, ते म्हणाले. समोर घड्याळ होतं. बुधवारी तिनं रजा काढली आणि आज, गुरुवारी सकाळी, ती पुण्याहून मिरजेत येऊन पोचली.

"बाही काढा जरा," ती म्हणाली.

बाबालालनी डाव्या हातानं शर्टाची गुंडी सोडली. मनगटापासून कोपरापर्यंत घट्ट बसणारी राखाडी बाही, तिच्यातून निघून शर्टाच्या आतून कमरेपर्यंत जाणारी बारीक वायर, आणि कमरेला काडेपेटीच्या दुप्पट आकाराचा डबा. बाही निघाली तसा उजवा हात मांडीवर पडला आणि तिथंच राहिला. तहसीननं तिकडं पाहणं टाळलं.

तिनं डब्यातली नोंद वाचली, मग बाहीतली. मंगळवारी अकरा वाजून सात मिनिटांनंतरच्या बत्तीस सेकंदांत डब्यानं बाहीला सहा हजार चारशे आज्ञा दिल्या होत्या. बाहीनं त्याच काळात सहा हजार पाचशे ऐंशी पाळल्या होत्या.

एकशे ऐंशी आज्ञा कुणी दिल्याच नव्हत्या.

"काय झालं?" बाबालालनी विचारलं. "गप्प का बसलीस?"

"हिशोब लागत नाहीये."

"मग मी काय सांगत होतो!"

*

या यंत्रणेचं नाव हातसेतू. तिचं काम समजायला सोपं आहे. कवटीच्या आत, मेंदूवर, टपाल तिकिटाएवढी जाळी बसवलेली असते. माणसाच्या मनात हात हलवायचं आलं की तिथल्या पेशींची हालचाल जाळी टिपते. कमरेच्या डब्यातला संगणक त्या हालचालीचा अर्थ लावतो आणि सेकंदाला दोनशे आज्ञा तयार करतो. बाही त्या आज्ञांप्रमाणे स्नायूंना विजेचे बारीक झटके देते. हात हलतो.

अडचण वेळेची असते. मनात आल्यापासून हात हलेपर्यंत फार वेळ गेला तर माणसाला तो हात आपला वाटत नाही. म्हणून प्रत्येक आज्ञा प्रोसेसरनं स्वतः उचलून बाहीला नेऊन द्यायची, ही पद्धत इथं चालत नाही. प्रोसेसर आज्ञा मेमरीतल्या एका कप्प्यात ठेवतो आणि बाही प्रोसेसरला न विचारता थेट त्या कप्प्यातून ती वाचून घेते. याला डायरेक्ट मेमरी ॲक्सेस म्हणतात. संगणकाच्या जगात ही पद्धत जुनी आहे आणि धोकाही तितकाच जुना. मेमरीत थेट पोचणारं उपकरण चुकीच्या कप्प्यात गेलं तर त्याला कोण अडवणार?

त्यासाठी दारावर एक पहारेकरी चिप असते. कोणत्या उपकरणाला या क्षणी कोणता कप्पा उघडा आहे, याचा तक्ता तिच्यापाशी असतो. तक्त्यात नोंद घालायची आणि काम झालं की ती काढायची, ही जबाबदारी ड्रायव्हर नावाच्या छोट्या प्रोग्रॅमची. बाहीचा ड्रायव्हर तहसीननं लिहिला होता.

नोंद काढण्यात मात्र एक मेख आहे. पहारेकरी दर वेळी तक्ता उघडत नाही. वेळ वाचवायला तो अलीकडच्या परवानग्या पाठ करून ठेवतो. तक्त्यातली नोंद पुसली तरी त्याच्या डोक्यात ती राहतेच. "ही परवानगी विसर" असं त्याला वेगळं सांगावं लागतं, आणि ते सांगताना सगळं दार क्षणभर बंद ठेवावं लागतं. सेकंदाला दोनशे वेळा दार बंद केलं तर यंत्रणा मंदावते आणि बॅटरी भराभर संपते. म्हणून ड्रायव्हर लिहिणाऱ्यांत एक रीत पडलेली आहे. परवानग्या एकेक करून विसरायला लावायच्या नाहीत. दोनशे छप्पन्न साठल्या की एकदम सांगायचं.

मधल्या काळात, म्हणजे सव्वा सेकंदभर, पहारेकऱ्याला जुन्या परवानग्या खऱ्याच वाटत असतात.

त्या वेळात वायरीतून जाणारा संकेत क्षणभर तुटला आणि बाहीनं पुन्हा वाचायला सुरुवात करताना ती थोडी मागच्या कप्प्यावर गेली, तर पहारेकऱ्यानं तिला अडवायला हवं. त्यानं अडवलं की बाही थांबते, हात सैल पडतो, चूक झाल्याची नोंद होते. पण तो अडवत नाही. बाही एकामागून एक जुने कप्पे वाचत जाते, त्यांतल्या शिळ्या आज्ञा पाळते, आणि पुन्हा वर्तमानात येऊन पोचते. पहारेकऱ्याच्या लेखी नियम मोडलेलाच नसतो, त्यामुळे नोंदही नाही.

एकशे ऐंशी आज्ञा म्हणजे नऊ दशांश सेकंद. कानशीच्या एका फेराला तेवढाच वेळ लागतो.

*

चार वर्षांपूर्वी पुण्यातल्या प्रयोगशाळेत बाबालालना पहिल्यांदा बाही चढवली तेव्हा तहसीननं कडक नियम ठेवला होता. प्रत्येक परवानगी त्याच क्षणी विसरायची. हात हलला, पण उशिरा. बॅटरी चार तासांत संपली. बाबालालनी हाडाच्या तुकड्यावर कानस ठेवली, ढकलली, आणि कानस घसरून जमिनीवर पडली.

"कुणाचातरी उसना हात हाय हा," ते म्हणाले होते. "राहू दे तसू. तुमचं बाकीच्यांवर चालेल की."

त्या दुपारी तिनं दोनशे छप्पन्नच्या गठ्ठ्याची रीत लावली. वर टीप लिहिली: तात्पुरतं. विक्रीआधी बदलणे. दुसऱ्या दिवशी अब्बांनी तीन फेर मारले, कानस अलगद खाली ठेवली, आणि चहा मागितला. उजव्या हातानं कप धरून ते बराच वेळ बसले. चहा निवला तरी त्यांनी कप खाली ठेवला नाही.

नंतर चाचण्या झाल्या, आकडे उत्तम आले, विक्री सुरू झाली. ड्रायव्हरच्या एकोणीस आवृत्त्या निघाल्या. दर वेळी तहसीन त्या टिपेपर्यंत यायची, ती वाचायची आणि पुढं जायची. आता ती सेतू बनवणाऱ्या कंपनीत सुरक्षा विभागाची प्रमुख होती आणि सेतू अकरा हजार चारशे माणसांच्या अंगावर होता.

आठ दिवसांपूर्वी तिच्याकडं एक तक्रार आली होती. जालना जिल्ह्यातल्या रामकिसन राऊत नावाच्या केशकर्तनकाराची. त्यानं गिऱ्हाइकाच्या मानेवरून वस्तरा फिरवला, उचलला, आणि हात परत गेला. गिऱ्हाईक त्या क्षणी मान वळवत होतं. कानाखाली चौदा टाके. पोलिसांत तक्रार. रामकिसनचा जबाब एका ओळीचा होता: वस्तरा मी उचलला होता. तक्रार विभागानं त्यावर शेरा मारला होता, स्नायूंचा आकस्मिक झटका. असे एकतीस शेरे चार वर्षांत मारले गेले होते. तहसीननं तो कागद वाचून बाजूला ठेवला होता. आठ दिवस रोज सकाळी तिला तो आठवत होता आणि रोज सकाळी ती स्वतःला सांगत होती की झटका असेल.

*

फोन वाजला. डॉ. मालविका रेगे. जाळी त्यांच्या संशोधनातून आली होती. कंपनी त्यांनीच उभी केली.

"मिरजेला कशाला गेलीस आजच्या दिवशी?"

"अब्बांच्या बाहीत काहीतरी दिसतंय, मॅडम."

"चार वाजता समिती आहे, तहसीन. तुला माहितीये काय आहे ते."

तिला माहीत होतं. सरकारी मंजुरी समितीकडून सेतू लावलेल्यांना वाहन चालवायची परवानगी मिळणार होती आणि चाळीस हजार नवे संच मंजूर होणार होते. त्यासाठी सुरक्षाप्रमुखाचं हमीपत्र लागत होतं. त्यात एकच वाक्य होतं: दिलेल्या आज्ञेशिवाय हात हलणार नाही.

"मी इथूनच बोलेन," तहसीन म्हणाली. "तासाभरात फोन करते."

तिनं घड्याळ पाहिलं. एक वाजून वीस मिनिटं. हिशोब कागदावर जुळत होता, पण कागदावर जुळणं पुरेसं नव्हतं. वायरीतला संकेत तुटायला काहीतरी कारण हवं.

पलीकडच्या दुकानातून घरघर ऐकू येत होती.

"ती कसली मोटर, अब्बा?"

"अस्लमची. पॉलिशची. तिचे कार्बन झिजलेत, ठिणग्या उडतात नुसत्या. किती दिवस सांगतोय बदल म्हणून."

"मंगळवारी चालू होती?"

"रोजच असती की."

झिजलेल्या कार्बनच्या ठिणग्या. वायरीत गोंधळ माजवायला एवढं पुरे होतं. केस कापायच्या दुकानातल्या जुन्या मशिनीही अशाच असतात, तिला वाटून गेलं. ती अस्लमकडं गेली आणि पंधरा मिनिटांसाठी मोटर मागितली.

"घेऊन जा की आपा," अस्लम म्हणाला. "पण चाचांना सांगा, कार्बन बदलायला लावायला आता पुण्याहून माणूस आणला म्हणून!"

मोटर बाबालालच्या पाटापासून हातभर अंतरावर ठेवली. बाही परत चढवली. डब्याला तहसीनचा लॅपटॉप जोडला. बाबालालसमोर टाकाऊ हाडाची पट्टी होती.

"नेहमीसारखंच करा. तीन आणि खाली."

"तार कुठाय? तारेशिवाय कसं?"

तिनं एक जुनी घोडी काढली, तिच्यावर तार ताणली. मग ते खूश झाले.

तीन फेर, कानस खाली, तार. तीन फेर, कानस खाली, तार. तहसीन पडद्यावरचे दोन आकडे बघत होती. ते बरोबरीनं वाढत होते. दहा मिनिटं झाली. मोटरीचा जळका वास येऊ लागला. बाबालालच्या कपाळावर घाम आला, पण लय बदलली नाही. पंधरा मिनिटं झाली. अस्लमनं दारातून डोकावून पाहिलं आणि तो परत गेला.

सतराव्या मिनिटाला तिसरा फेर संपला. कानस खाली निघाली, अर्ध्या वाटेत आली, आणि थांबली. हात मागे फिरला. कानस घोडीवर टेकली, पुढं सरकली, सरळ, ठाम, पूर्ण लांबीचा एक फेर. मग हात पुन्हा वळला आणि त्यानं कानस खाली ठेवली.

बाबालाल स्वतःच्या हाताकडं बघत होते.

पडद्यावरच्या आकड्यांत एकशे शहात्तरचा फरक होता.

"बघ!" ते ओरडलेच. "बघितलंस ना? डोळ्यांनी बघितलंस? म्हातारा खोटं बोलत न्हाई!" ते हसत होते. मोटरीच्या आवाजावर आवाज चढवून पुन्हा म्हणाले, "अस्लम, ये रे इकडं, बघ—"

मग त्यांनी तहसीनकडं पाहिलं. तिनं मोटर बंद केली.

"हे सगळ्यांचंच होतं?" थोड्या वेळानं त्यांनी विचारलं.

"होऊ शकतं. क्वचित. पण सगळ्यांचं."

"दुरुस्त होतं?"

"होतं. कडक नियमाचा नवा ड्रायव्हर लागेल, आणि हात उशिरा येऊ नये म्हणून नवी चिप. तपासण्या धरून आठ महिने."

"मग आठ महिने थांबू की."

 आठ महिने सेतू बंद राहिला तर काय होतं हे त्यांना शस्त्रक्रियेआधीच सांगितलेलं होतं; तिनंच ते फॉर्म वाचून दाखवले होते. जाळीभोवतालच्या पेशी रोज वापरात असतील तरच जाळीशी जुळलेल्या राहतात. दोन महिन्यांहून जास्त खंड पडला तर तरुण मेंदूला पुन्हा शिकवता येतं. सत्तरीपुढच्या मेंदूला येत नाही.

बाबालालना ते आठवलं असावं. त्यांनी डावा हात उजव्या बाहीवर ठेवला.

*

"किती वेळा करून पाहिलंस?" रेगेंनी विचारलं.

"एकदा. पण दोन्ही नोंदी आहेत. पाठवल्यात."

 रेगे नोंदी वाचत होत्या.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. आवाज खाली आला होता. "हमीपत्रावर सही करू नकोस. मी समितीला सांगते, तांत्रिक कारणानं पुढं ढकला. गाड्या नाहीत, नवे संच नाहीत. आठ महिन्यांत दुरुस्त करू. पण आहेत ते चालू ठेव."

"चालू?"

"अकरा हजार चारशे हात आहेत, तहसीन. त्यातले सत्तरीपुढचे किती, काढलायस आकडा? मी काढलाय. एकतीसशे. ते परत येणार नाहीत. आणि तुझ्याकडं काय आहे? चार वर्षांत एकतीस तक्रारी."

"नोंद होतच नाही, मॅडम. ज्यांनी तक्रार केली ते एकतीस."

"मग लोकांना सांगू. धोका आहे, हे असं होऊ शकतं, तुम्हीच ठरवा. हे तरी चालेल?"

"वस्तरा रामकिसनच्या हातात होता. त्यानं ठरवलं असतं. ज्याची मान होती त्याला कोण विचारणार होतं?"

रेगेंनी सुस्कारा सोडला. "एक सांगू? तू लिहिलंस, मी वाचलं होतं. ती टीप. दुसऱ्या आवृत्तीतच. मीही पुढं गेले." मग त्या म्हणाल्या, "थांबवायचंच असेल तर तुझ्या अधिकारात आहे, मी अडवू शकत नाही. पण पहिले बारा संच प्रयोगातले आहेत. विक्रीत मोडत नाहीत. ते वगळता येतात, कुणी विचारणार नाही. बाबालालचाचांचा हात राहील. एवढं तरी कर."

फोन स्पीकरवर होता. बाबालाल पाटावर बसल्या बसल्या सगळं ऐकत होते.

"त्या बाई बरोबर बोलतायत," फोन बंद झाल्यावर ते म्हणाले.

"अब्बा..."

"न्हाई, ऐक. त्या न्हाव्याचं वाईट झालं. बंद कर त्याचं, त्याला नुकसानभरपाई दे, काय करायचं ते कर. पण माझ्या कानशीखाली कुणाची मान हाय? हाडाची पट्टी हाय. एक फेर जास्त गेला तर पट्टी फेकीन, दुसरी घेईन. तुझ्या कायद्याला त्यात काय त्रास?"

"त्रास नाही."

"मग? बारा माणसांत मी आहे ना? तू बापाचं नाव काढून टाकणार? दोन वर्षं या दारात बसून दुसऱ्याच्या हातांकडं बघितलंय मी. अस्लम जवारी बिघडवायचा आणि मला गप्प बसावं लागायचं. जीभ होती, हात नव्हता. तुला सांगितलं हीच माझी चूक. न्हाई सांगायला पाहिजे होतं. चर घासून सपाट केला असता आणि गप्प बसलो असतो."

घरातून इनायाच्या हसण्याचा आवाज आला. तहसीनच्या भावाची मुलगी. अजून दोन वर्षांची नव्हती.

"संध्याकाळी गच्चीवर इनायाला घेऊन उभे राहता," तहसीन म्हणाली. "कोणत्या हातावर?"

बाबालालनी तिच्याकडं पाहिलं.  मग त्यांनी मान फिरवली आणि खिडकीतून बाहेर, समोरच्या भिंतीवर वाळत घातलेल्या भोपळ्यांकडं बघत राहिले.

"डाव्यावर घेईन," शेवटी ते म्हणाले. पण ते तिच्याकडं बघून म्हणाले नाहीत.

तिला वाटलं, आपण हे बोलायला नको होतं. आणि तिला हेही दिसत होतं की आत्ता यादीतून एक नाव वगळायचं म्हणजे परत एकदा तेच करायचं होतं जे तिनं चार वर्षांपूर्वी त्याच माणसासाठी केलं होतं. तेव्हा तिला ते प्रेम वाटलं होतं. आताही वाटत होतं. त्यानं चौदा टाके कमी होत नव्हते.

"किती वाजले?" बाबालालनी विचारलं.

"तीन दहा."

"चारपर्यंत आहे ना माझा हात?"

"अजून काहीच ठरलेलं नाही, अब्बा."

"तुझं ठरलंय. बापाला कळत न्हाई व्हय?" त्यांनी नवी पट्टी घेतली, कोरी. "बस तिकडं. मला काम करू दे."

*

चार वाजता समितीची बैठक सुरू झाली. पडद्यावर सहा चौकोन होते. वरच्या बाजूला लाल ठिपका; प्रत्येक शब्दाची नोंद होत होती. नियमाप्रमाणे सुरक्षाप्रमुखानं अशा बैठकीत तोंडी दिलेला थांबवण्याचा आदेश लगेच लागू होतो. त्याला दुसऱ्या कुणाची सही लागत नाही. हा नियम करताना तहसीननंच आग्रह धरला होता.

रेगेंनी आकडे मांडले. किती हात परत आले, किती माणसं कामाला लागली, वीस जिल्ह्यांतून आलेली पत्रं. सगळं खरं होतं. तहसीन ऐकत होती. तिच्या पाठीमागं, चार हातांवर, कानस चालू होती. बाबालाल घाई करत नव्हते. तीन फेर, शांतता, तार. तारेचा आवाज अजून दबलेला होता, कोरडा. खुलायला बरंच काम बाकी होतं. एका दिवसात होणारं ते काम नव्हतं. हे त्यांना तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं, तरी ते थांबत नव्हते.

"पाठीमागं कसला आवाज येतोय?" अध्यक्षांनी विचारलं. त्या पन्नाशीच्या, डोळ्यांवर चष्मा असलेल्या बाई होत्या.

"माझे वडील काम करतायत."

"त्यांना थोडा वेळ थांबायला सांगता येईल?"

"नाही," तहसीन म्हणाली.

अध्यक्षा क्षणभर बुचकळ्यात पडल्या, मग त्यांनी कागद पुढं ओढला. "बरं. डॉ. रेगे हमीपत्र पुढं ढकलायची विनंती करतायत, तांत्रिक कारणानं. कारण दिलेलं नाही. सुरक्षाप्रमुख म्हणून तुमचं काय म्हणणं आहे?"

रेगेंचा चौकोन स्थिर होता. त्या थेट कॅमेऱ्यात बघत होत्या. त्यांनी किंचित मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

मागची कानस थांबली होती. तार छेडल्याचा आवाज आला नाही. अब्बा ऐकत होते.

"कारण मी सांगते," तहसीन म्हणाली. "हात दिलेल्या आज्ञेशिवाय हलतो. आज दुपारी तो माझ्या डोळ्यांसमोर हललाय. नोंदी तुमच्याकडं पाठवल्या आहेत. चूक बाहीच्या ड्रायव्हरमध्ये आहे. तो मी लिहिला, आणि ती चूक पहिल्या दिवसापासून मला माहीत होती. जालन्यात रामकिसन राऊत यांच्यावर जो गुन्हा दाखल आहे, त्यात त्यांचा दोष नाही. तसं मी पोलिसांना लेखी देईन."

कुणीतरी काहीतरी बोलायला लागलं. अध्यक्षांनी हात वर केला.

"मग तुमची शिफारस काय?"

तिच्या पाठीमागं पाट सरकल्याचा आवाज झाला. बाबालाल उठून उभे राहिले असावेत. ती वळली नाही. वळली असती तर बोलता आलं नसतं.

"शिफारस नाही, आदेश आहे," ती म्हणाली. "हातातलं काम खाली ठेवायला सगळ्यांना पंधरा मिनिटांची सूचना द्या. त्यानंतर सगळे सेतू बंद करायचे. अकरा हजार चारशे, अधिक प्रयोगातले बारा. कुणालाही वगळायचं नाही. पहिलं नाव लिहून घ्या: बाबालाल शिकलगार, मिरज."